कोपरावरचा घट्टा

दिवाळीच्या सुट्टीत आर. के. पुरमच्या क्वार्टरवर गेलो, तर आमच्या कारवान शेरूच्या कोपरांवर केस झडून राखाडी घट्टे पडलेले. मी वजरीने घासले आणि रक्त आले. बाबा रागावले, ते बरोबरच होते.

घट्टा हा रोग नव्हे. क्रॉलिंगने आपली कोपरे जाड होतात, तशीच उघड्या फरशीवर हाडाला वाचवायला त्याची कातडी जाड होते. कारवान काय किंवा मीरतच्या आरव्हीसी केंद्रात 2016 साली गेलेले मुधोळ काय, अंगावर चरबीच नाही. लॅब्रॅडॉरला वजन नडते.

म्हणून घट्टा कापू नका, माणसांचे कॉर्न प्लास्टर तर नकोच. जाड गादी घाला. थोडे खोबरेल चोळून लगेच फिरायला न्या, नाहीतर तो चाटून टाकतो. भेग, पू किंवा पाण्याची मऊ गाठ दिसली तर पशुवैद्याकडे न्या. गाठ घरी फोडू नका.

शेरूला माझी गादी मिळाली. सुट्टीभर मी चटईवर.