रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा का? लाँग कोविड तपासणीत का सापडत नाही

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे स्वच्छ. तरी दोन जिने चढले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. अशा रुग्णाला बऱ्याचदा 'टेन्शन घेऊ नका' एवढंच ऐकावं लागतं. लाँग कोविड पकडणारी एकच ठरलेली चाचणी अजूनही नाही.

हे नावही रुग्णांकडूनच आलं. मे २०२० मध्ये इटलीच्या एलिसा पेरेगो यांनी ते ट्विटरवर वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये: संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी असलेली, किमान २ महिने टिकणारी आणि दुसऱ्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं.

मोजमाप अडतं कुठे? बहुतेक तपासण्या रुग्ण आरामात असताना होतात. त्रास मात्र श्रमानंतर, अनेकदा १२ ते ४८ तासांनी उफाळतो. ईसीजी झोपवून काढतात, पण काहींचे ठोके उभं राहिल्यावर धावतात. १० मिनिटांत ते मिनिटाला ३० किंवा जास्त वाढले आणि रक्तदाब फारसा उतरला नाही, तर डॉक्टर 'पॉट्स'चा विचार करतात. त्यासाठी घड्याळ आणि बीपी मशीन पुरतं. 'ब्रेन फॉग' त्याहून अवघड. आजाराआधीची स्मरणशक्ती कुणी मोजून ठेवलेली नसते.

नॉर्मल रिपोर्टवर मेडिकल रजा मागायची कशी, हा पुढचा प्रश्न. 'रोज थोडं जास्त चाला' हा सल्लाही श्रमाने बिघडणाऱ्यांच्या अंगाशी येऊ शकतो.

दुसऱ्या लाटेत टेस्टच न झालेल्यांनीही डॉक्टरांना हे सांगावं. व्याख्येत 'संभाव्य' संसर्गही धरला आहे. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्यावी: काय काम केलं आणि किती तासांनी त्रास झाला.