न वापरलेल्या विजेचा हिशेब

सोमवार, 23 जानेवारी 2023. संध्याकाळी पाच ते सहा या एका तासासाठी ब्रिटनमधल्या लाखो घरांना आदल्या दिवशीच निरोप गेला होता: वॉशिंग मशीन, ओव्हन, गाडीचं चार्जिंग शक्यतो थांबवा, जितकी वीज वाचवाल, तितके पैसे मिळतील. नॅशनल ग्रिड ईएसओ या तेव्हाच्या ग्रिडचालक संस्थेने नोव्हेंबर 2022मध्ये ‘डिमांड फ्लेक्झिबिलिटी सर्व्हिस’ नावाची ही योजना सुरू केली होती. तोवर नुसत्या चाचण्या झाल्या होत्या. त्या सोमवारी ती प्रथमच खऱ्या गरजेपोटी वापरली गेली.

तो हिवाळा कठीण होता. युक्रेन युद्धाने गॅस महागला होता, फ्रान्समधल्या बऱ्याच अणुभट्ट्या तपासणी-दुरुस्तीसाठी बंद होत्या, आणि समुद्राखालच्या तारांतून येणाऱ्या विजेचा भरवसा नव्हता. अडीअडचणीला म्हणून कोळशावरचे जुने संचही तापवून ठेवले जात. अशा वेळी लोकांकडे मदत मागायची आणि तिचा मोबदला द्यायचा, असं ठरलं.

भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राला यातलं मोठेपण वेगळं सांगायला नको. भारनियमन कुणाला विचारत नाही. फीडर बंद झाला की दवाखाना, पिठाची गिरणी आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, सगळे एकदम अंधारात. ब्रिटनच्या योजनेत मात्र ग्राहकाला विचारलं जातं, आणि त्याने नाही म्हटलं तरी दंड नाही.

पण ही योजना वाचताना मी थबकले ती तिच्या गाभ्यातल्या एका सरासरीपाशी. मीटर वापरलेली वीज मोजतो. न वापरलेली वीज मोजणारा मीटर कुठेच नाही. मग बक्षीस कशावर द्यायचं? त्यासाठी घराने एरवी किती वीज वापरली असती, याचा अंदाज बांधावा लागतो. या अंदाजाला बेसलाइन म्हणतात.

ब्रिटनचा स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवतो, दिवसाला 48 आकडे. कामाच्या दिवशी निरोप आला असेल, तर आधीच्या दहा कामाच्या दिवसांतले त्याच अर्ध्या तासाचे आकडे काढून त्यांची सरासरी घेतात. ज्या दिवशी असाच निरोप आला होता, तो दिवस वगळतात. नाहीतर शहाण्यासारखं वागणाऱ्याचीच सरासरी घसरली असती. समजा, पाच ते साडेपाचची सरासरी 0.6 युनिट निघाली आणि त्या दिवशी वापर 0.2 झाला, तर बचत 0.4 युनिट. चाचण्यांसाठी युनिटला 3 पौंडांची हमी होती, म्हणजे त्या हिवाळ्यातल्या घरगुती दराच्या जवळपास नऊपट. ही रक्कम वीजपुरवठादार कंपनीला मिळे आणि तिने त्यातला वाटा ग्राहकाला द्यायचा.

मार्च 2023पर्यंत 22 वेळा निरोप गेले, सुमारे 16 लाख घरं आणि व्यवसाय सहभागी झाले, आणि 33 लाख युनिट वाचले. भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला अख्ख्या हिवाळ्यात दोनच युनिट येतात. तरी मला हा आकडा थोर वाटतो. ग्रिडला महिनाभराच्या काटकसरीची गरज नव्हती; नेमक्या त्या तासाला लाखो हात एकदम बटणाकडे जायला हवे होते, आणि ते गेले.

अडचणी सुरू होतात त्या सरासरीपासूनच. दहा दिवस उबदार गेले आणि निरोपाच्या दिवशी कडाका पडला, तर विजेवर घर तापवणाऱ्याने कितीही बचत केली तरी ती दिसत नाही. म्हणून निरोपाच्या आधीच्या काही तासांतला वापर पाहून बेसलाइन वर-खाली करण्याची सोय ठेवली. पण तिनेच लबाडीला दार उघडलं: आधी मुद्दाम वीज उधळा, मग ‘बचत’ दाखवा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स या बेसबॉल स्टेडियमच्या बाबतीत हेच घडलं. वापर आधी फुगवून कपात दाखवली गेली, आणि 2013मध्ये तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामकाने मध्यस्थ कंपनीला 7,80,000 डॉलरचा दंड केला.

यापेक्षा मोठी अडचण न्यायाची आहे. विजेची गाडी असलेलं घर चार्जिंग रात्रीवर ढकलून सहज कमावतं. दोन दिवे आणि एक फ्रिज एवढ्यावर भागवणाऱ्या घराने कमी काय करायचं? आयुष्यभर काटकसर केली, म्हणून त्याची सरासरी मुळातच खाली, बक्षीसही तेवढंच. सहलीला गेलेल्या कुटुंबाला मात्र काहीच न करता पैसे मिळतात. शिवाय नोव्हेंबर 2024पासून हमीचा दर गेला. आता ही बचत वीज बाजारातल्या इतर पर्यायांशी भावात स्पर्धा करते.

महाराष्ट्राने वेगळ्या टोकाने सुरुवात केली आहे. महावितरणच्या स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटला 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे. दिवसाची सौरऊर्जा वापरली जावी, हा हेतू. वापरलेल्या युनिटवरच सवलत असल्याने इथे बेसलाइन लागत नाही, म्हणून वादही कमी. पण सूर्य मावळल्यावरची मागणी राहतेच. मुंबईत टाटा पॉवरने 2023मध्ये घरगुती ग्राहकांनाही सामावून घेणारा, मागणी कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. म्हणजे न वापरलेल्या विजेचा हिशेब आपल्याही दारात आला आहे.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. ज्या सरासरीवर बक्षीस ठरतं, तिचे दहाही आकडे बिलावर छापले जावेत, आणि मुळातच कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी किमान बक्षीस ठरवलं जावं. स्मार्ट मीटरविषयी लोकांच्या मनात आधीच संशय आहे. स्वतःच्या घराचा हिशेब आठवी शिकलेल्या माणसालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता आला, तरच तो पुढच्या निरोपाला होकार देईल.