आवाजाआधीची आठ वर्षं

नटाची साधनं : भाग ६

मागच्या भागात आपण नटाच्या उभं राहण्या-चालण्याबद्दल बोललो. आज आवाज. आवाजाचा विषय निघाला की अमेरिकेत पहिलं नाव येतं ते जेम्स अर्ल जोन्स यांचं. 'द लायन किंग'मधला मुफासा बोलतो तो त्यांच्या आवाजात. 'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडरही. सीएनएन वाहिनीचं नाव वर्षानुवर्षं घुमवलं तेही त्यांनीच. पण मी त्यांना निवडलं ते त्या खर्जासाठी नाही. हा माणूस लहानपणी सुमारे आठ वर्षं जवळजवळ मुका होता, म्हणून निवडलं.

जन्म १७ जानेवारी १९३१ चा, मिसिसिपी राज्यातल्या अर्काबुटला गावचा. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स मूल कळतं होण्याआधीच घर सोडून गेले आणि पुढे न्यूयॉर्कला नट झाले. मुलाला वाढवलं आईच्या आईवडिलांनी. तो पाच वर्षांचा असताना आजोबांनी कुटुंब उत्तरेला मिशिगनमधल्या डब्लिन या खेड्यात न्यायचं ठरवलं. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं अशीच उत्तरेकडे निघाली होती. मात्र जाताना या मुलाला वडिलांच्या आईकडे, मेम्फिसला ठेवायचं असा बेत होता. गाडी तिच्या दाराशी थांबली आणि मुलगा गाडीला घट्ट धरून बसला. काही केल्या सुटेना. शेवटी त्याला परत घेऊन गेले.

मिशिगनला तो पोचला खरा, पण त्याची वाचा अडखळू लागली. आधी तोतरेपणा, मग वर्गातलं हसू, आणि मग गप्प राहणं. घरात मोजके शब्द, शेतावरच्या जनावरांशी मात्र मोकळं बोलणं, असं त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे. जनावरं शब्द पुरा होईपर्यंत थांबतात, मधेच वाक्य पूर्ण करून देत नाहीत. तोतरं बोलणाऱ्या माणसाला हे किती मोठं सुख असतं, ते ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शाळेत तो प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून द्यायचा.

ब्रेदरन गावच्या शाळेत डोनाल्ड क्राउच नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. कवितेवर त्यांचं मनापासून प्रेम. एका हिवाळ्यात फ्लोरिडाहून ग्रेपफ्रूट आली. आपल्या पपनसाच्याच कुळातलं हे फळ. मिशिगनच्या बर्फात त्याची चव म्हणजे एक नवलच. मुलाने त्यावर कविता लिहिली, लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या ठेक्यात. क्राउच म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तू स्वतः लिहिलीस यावर माझा विश्वास बसत नाही. तुझीच असेल तर वर्गासमोर पाठ म्हणून दाखव. मुलगा उभा राहिला आणि शेवटपर्यंत एकदाही न अडखळता म्हणून गेला.

यात चमत्कार नाही, पण समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे. तोतरं बोलणारी बरीच माणसं गाताना, एकसुरात म्हणताना किंवा ठरलेल्या लयीत बोलताना अडखळत नाहीत. रोजच्या बोलण्यात प्रत्येक क्षणी नवा निर्णय असतो : कुठला शब्द, कुठून सुरुवात, किती जोर. छंदात यातले बरेच निर्णय आधीच झालेले असतात. पुढची मात्रा कुठे पडणार ते जिभेला ठाऊक असतं. क्राउच यांनी ते ओळखलं आणि या मुलाकडून वाचन, भाषणं, वादविवाद करून घेतले. तोतरेपणा मात्र गेला नाही. जोन्स नव्वदी ओलांडून जगले आणि स्वतःला शेवटपर्यंत तोतराच म्हणवत राहिले. अडणारा शब्द आधीच हेरायचा आणि त्याला वळसा घालून दुसरा शब्द योजायचा, ही त्यांची रोजची सवय होती. पण नाटकात तसा वळसा घालता येत नाही. लेखकाने लिहिलेलाच शब्द उच्चारावा लागतो. तरी हा माणूस नाटकाकडे गेला, आणि माझ्या मते तिथेच त्याच्या अभिनयाचं मूळ आहे. त्यांच्या तोंडून आलेला शब्द कधी घरंगळत आल्यासारखा वाटत नाही. तो उचलून आणल्यासारखा वाटतो.

मिशिगन विद्यापीठात ते डॉक्टर व्हायला गेले आणि नाट्यविभागात रमले. मग सैन्यातली अधिकारपदाची काही वर्षं, कोलोरॅडोच्या थंडीत. त्याच काळात मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावच्या रॅम्सडेल नाट्यगृहात सुतारकामापासून रंगमंच व्यवस्थेपर्यंत सगळं केलं आणि १९५५ मध्ये तिथेच पहिल्यांदा ऑथेल्लो उभा केला. ही भूमिका पुढे त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आली. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे आपल्या रंगभूमीला हे पात्र एकोणिसाव्या शतकापासून ओळखीचं आहे, त्यामुळे त्यात नटाला किती खोल उतरावं लागतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

न्यूयॉर्कला आल्यावर बाप-लेकांची गाठ खऱ्या अर्थाने पडली. दोघेही नट आणि दोघेही बहुधा बेकार. पोटासाठी दोघांनी मिळून लोकांच्या घरातली लाकडी जमीन घासून चकचकीत करायची कामं केली. इतक्या वर्षांचं तुटलेपण अशा कामाने भरून येतं का, ते मला सांगता येणार नाही. पण वडील-मुलगा हा धागा जोन्स यांच्या भूमिकांमधून सतत वर येत राहिला, एवढं नक्की.

१९५७ मध्ये 'द एगहेड' नाटकात ते लॉइड रिचर्ड्स या नटाचे बदली कलाकार होते. बदली कलाकाराने सगळं पाठ करायचं, तालमी करायच्या आणि मूळ नट आजारी पडेल त्या दिवसाची वाट पाहत विंगेत बसायचं. हे रिचर्ड्स आपल्याला पुढे पुन्हा भेटतील. दुसऱ्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजारपणावरचं 'सनराइज ॲट कँपोबेलो' आलं. त्यात जोन्स नोकर झाले. काम छोटं : आत यायचं आणि मिसेस रूझवेल्ट यांना सांगायचं की जेवण तयार आहे. पण 'मिसेस'मधला 'म' हा त्यांच्या ओठांचा जुना वैरी. ओठ मिटायचे आणि उघडायचे नाहीत. तरी प्रयोगामागून प्रयोग ते तो 'म' ओलांडत राहिले. नाट्यगृहाचं नाव कॉर्ट, ४८ व्या रस्त्यावरचं.

१९६१ मध्ये जाँ जने यांचं 'द ब्लॅक्स' ऑफ-ब्रॉडवेवर आलं आणि तीन वर्षांहून अधिक चाललं. त्या एका संचात जोन्स, सिसिली टायसन, माया अँजेलू, रॉस्को ली ब्राउन, लुईस गॉसेट असे सगळे एकत्र होते. त्याच सुमारास जोसेफ पॅप सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरची नाटकं फुकट दाखवत होते आणि त्यांच्या मंडळीत जोन्स नियमित कामं करू लागले. १९६२ मध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या जॉर्ज सी. स्कॉट यांच्या शायलॉकला पाहायला स्टॅन्ली कुब्रिक आले. त्यांनी मोरोक्कोचा राजपुत्र झालेल्या जोन्सनाही हेरलं. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधल्या बॉम्बर विमानातला लेफ्टनंट झॉग ही त्यांची पहिली चित्रपटभूमिका.

मग 'द ग्रेट व्हाइट होप'. हॉवर्ड सॅकलर यांचं हे नाटक जॅक जॉन्सनवर बेतलेलं आहे. १९०८ मध्ये हेवीवेट विजेतेपद मिळवणारा जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या त्याच्या संबंधांवरून त्याला कायद्याच्या कचाट्यात पकडलं गेलं. नाटकात त्याचं नाव जॅक जेफरसन. जोन्सनी डोकं भादरलं, शरीर घडवलं, मुष्टियुद्धाचा सराव केला. प्रयोग सुरू झाले १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर. तिथून सगळं ब्रॉडवेला गेलं १९६८ मध्ये, आणि १९६९ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. मुहम्मद अली नाटक पाहायला आले. व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला नकार दिल्यामुळे त्यांचं विजेतेपद नुकतंच काढून घेतलं होतं. त्यांना या गोष्टीत स्वतःचीच गोष्ट दिसली. १९७० च्या चित्रपटासाठी जोन्सना ऑस्करचं नामांकन मिळालं. प्रमुख अभिनेत्याच्या वर्गात सिडनी पॉइटिए यांच्यानंतर तिथवर पोचलेले ते दुसरे कृष्णवर्णीय नट.

अष्टपैलू हा शब्द आपण नटांना फार सहज लावतो, म्हणून इथे जरा थांबतो. १९७३ च्या उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमध्ये ते किंग लियर झाले. डिसेंबरात युजीन ओनील यांच्या 'द आइसमन कमेथ'मध्ये हिकी, म्हणजे दारूच्या गुत्त्यातल्या माणसांची स्वप्नं गोड बोलून मोडून काढणारा फिरता विक्रेता. १९७४ मध्ये 'क्लॉडिन' या चित्रपटात डायान कॅरल यांच्याबरोबर हार्लेममधला कचरा गोळा करणारा प्रेमिक. आणि त्या वर्षाच्या शेवटी स्टाइनबेक यांच्या 'ऑफ माइस अँड मेन'मधला लेनी, अंगाने राक्षस आणि बुद्धीने लहान मूल. राजा, विक्रेता, कामगार आणि भोळा लेनी, सगळे दीड वर्षात. लियरला आकाशाशी बोलायचं असतं, हिकीला तासचे तास शब्दांच्या जाळ्यात लोकांना गुंतवायचं असतं, आणि लेनीला तर शब्दच सापडत नसतात. शब्द न सापडणं म्हणजे काय ते या नटाला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

१९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला. काळ्या पोशाखात शरीर होतं डेव्हिड प्राउज यांचं. जोन्स ध्वनिमुद्रणाला गेले, काही तासांत संवाद बोलले आणि सात हजार डॉलर घेऊन परतले. श्रेयनामावलीत नाव नको म्हणाले. आपलं काम हे विशेष परिणामांचाच एक भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या मला महत्त्वाची वाटते ती त्यांनी पाळलेली मर्यादा. व्हेडरच्या आवाजात चढउतार फार अरुंद पट्ट्यात ठेवायचे, भावना जवळजवळ कळू द्यायच्या नाहीत. इतका मोठा पल्ला असलेल्या गळ्याने स्वतःला दोन-तीन सुरांत कोंडून घ्यायचं. भीती वाटते ती त्या कोंडण्याची. दुसऱ्या चित्रपटात व्हेडर नायकाला आपण त्याचे वडील असल्याचं सांगतो. ते वाक्य हातात आलं तेव्हा जोन्सना वाटलं, हा खोटं बोलतोय. (मुखवट्याआडच्या नटाबद्दल पुढच्या भागात सविस्तर.)

आता माझ्या सर्वांत जवळच्या भूमिकेकडे येतो. ऑगस्ट विल्सन यांचं 'फेन्सेस' येल विद्यापीठाच्या नाट्यगृहात १९८५ मध्ये झालं आणि १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलं. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स, तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या जागी उभं राहण्यासाठी जोन्स विंगेत बसत, तेच. काळ १९५७, गाव पिट्सबर्ग. ट्रॉय मॅक्सन कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. तरुणपणी तो बेसबॉल उत्तम खेळत असे, पण गोऱ्यांच्या संघांची दारं काळ्यांसाठी उघडली तोवर त्याचं वय निघून गेलं होतं. आता त्याच्या मुलाला फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जायची संधी आहे आणि बाप तीच अडवून धरतो.

एका प्रसंगात मुलगा विचारतो, तुम्हाला मी कधीच का आवडलो नाही? त्या वर्षीच्या टोनी सोहळ्यात हा प्रसंग मंचावर सादर झाला होता. त्याचं चित्रमुद्रण मी कितीदा पाहिलं असेल याची मोजदाद नाही. समोर मुलगा, कोर्टनी बी. व्हॅन्स. जोन्स त्याच्यावर प्रश्नांचा मारा करतात : रोज जेवतोस ना? डोक्यावर छप्पर आहे ना? का आहे? आणि मग स्वतःच उत्तर देतात की तू माझा मुलगा आहेस, तुझा भार वाहणं हे माझं कर्तव्य आहे, आवडण्या-न आवडण्याचा प्रश्नच कुठे येतो. आवाज चढतो, छाती पुढे येते, मुलगा आक्रसत जातो. पण कान देऊन ऐका. त्या गर्जनेच्या तळाशी एक माणूस आहे, ज्याला प्रेमासाठी कर्तव्याखेरीज दुसरा शब्दच येत नाही. जोन्स त्या माणसाची बाजू घेत नाहीत आणि त्याला सोडूनही देत नाहीत. नुसता मोठा आवाज असता तर हे जमलं नसतं. या भूमिकेसाठी त्यांना दुसरा टोनी मिळाला.

पुढचं भराभर सांगतो. 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मधला लेखक टेरेन्स मान, 'कमिंग टू अमेरिका'मधला राजा, 'क्राय, द बिलव्हेड कंट्री'मधला दक्षिण आफ्रिकी धर्मोपदेशक. १९९१ मध्ये एकाच वर्षी दोन एमी. २०११ मध्ये मानद ऑस्कर. पण सत्तरी-ऐंशीतही ते आठवड्याला आठ प्रयोगांच्या ब्रॉडवेवर परतत राहिले : 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मध्ये बिग डॅडी, व्हनेसा रेडग्रेव्ह यांच्याबरोबर 'ड्रायव्हिंग मिस डेझी', आणि २०१५ मध्ये 'द जिन गेम'. वृद्धाश्रमात पत्ते खेळणारे फक्त दोन म्हातारे असलेलं हे नाटक. जोन्स ८४ वर्षांचे होते आणि समोर होत्या सिसिली टायसन, 'द ब्लॅक्स'च्या दिवसांतल्या सोबतीण.

अखेरच्या वर्षांत त्यांनी व्हेडरचा आवाज संगणकाच्या साहाय्याने पुन्हा घडवायला संमती दिली. २०२२ च्या एका मालिकेत तो तसाच वापरला गेला. तो निर्णय त्यांचा, आणि त्यांनी तो स्वखुशीने घेतला. नट म्हणून मला मात्र त्यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. यंत्राला तो खर्ज मिळाला, पण अडणाऱ्या 'म'च्या आधी घेतलेला श्वास त्याच्याकडे कुठून येणार?

९ सप्टेंबर २०२४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या घरी त्यांचं निधन झालं. वय ९३. त्याच्या दोन वर्षं आधी ब्रॉडवेच्या एका जुन्या नाट्यगृहाला त्यांचं नाव देण्यात आलं होतं. ४८ व्या रस्त्यावरचं हे नाट्यगृह तोवर कॉर्ट म्हणून ओळखलं जाई. इथेच १९५८ मध्ये सत्तावीस वर्षांचा एक नोकर रोज रात्री मंचावर यायचा, ओठ मिटायचा, आणि मिसेस रूझवेल्टना जेवायला बोलवायचा.