पक्षादेश आणि पुरावा

१९३१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात सोव्हिएत रशियात विद्याक्षेत्राशी निगडित अशा दोन घटना घडल्या. लेनिनग्राड येथे प्राच्यविद्येच्या मार्क्सवादी अभ्यासकांची एक परिषद भरली आणि तिच्यात मार्क्सने मांडलेल्या 'आशियाई उत्पादनपद्धती'च्या कल्पनेला व्यवहारतः मूठमाती देण्यात आली. त्याच महिन्यात मॉस्को येथील मार्क्स-एंगल्स संस्थेचे संस्थापक आणि संचालक डेव्हिड रियाझानोव्ह यांना अटक झाली. मार्क्सचे विखुरलेले लेखन व हस्तलिखिते मिळवून ती काटेकोरपणे प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेणारा त्यांच्यासारखा दुसरा संशोधक तेव्हा जगात नव्हता. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. परंतु मार्क्सवाद हे शास्त्र आहे असे सांगणाऱ्या राज्याने त्या शास्त्राचे काय केले, हे समजून घ्यावयाचे तर दोहोंकडे एकत्रच पाहावे लागते.

ज्या कल्पनेवरून एवढा वाद झाला ती मुळात भारताच्या संदर्भात जन्मली, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. १८५३ साली 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'साठी भारतावर लेख लिहीत असताना मार्क्सने फ्रेंच प्रवासी बर्नियर याचे मोगल साम्राज्याचे वर्णन वाचले. जमिनीवर खाजगी मालकी नसणे हीच पूर्वेकडील समाजाची गुरुकिल्ली आहे, असे त्याने जून महिन्यात एंगल्सला लिहिलेल्या पत्रात म्हटले. स्वयंपूर्ण व एकमेकांपासून तुटलेली खेडी, पाटबंधाऱ्यांसारखी मोठी कामे पाहणारी मध्यवर्ती सत्ता आणि शेतसाऱ्याच्या रूपाने त्या सत्तेकडे जाणारे अतिरिक्त उत्पादन, असे हे चित्र होते. १८५९ साली अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मार्क्सने आशियाई, प्राचीन, सरंजामी आणि आधुनिक भांडवली अशा उत्पादनपद्धतींची यादी दिली. तिच्यात 'आशियाई' पद्धतीचा उल्लेख पहिला आहे.

सत्तर वर्षांनंतर ही जुनी कल्पना राज्यकर्त्यांना अडचणीची वाटावी, याचे कारण चीनमध्ये होते. एप्रिल १९२७ मध्ये चँग कै-शेकने शांघाय येथे कम्युनिस्टांची कत्तल केली आणि कॉमिन्टर्नच्या चीनविषयक धोरणाची वाताहत झाली. चिनी क्रांती ही सरंजामशाहीविरुद्धची क्रांती आहे, असे हे धोरण गृहीत धरीत होते. चीनच्या शेतीव्यवस्थेचे अभ्यासक लुडविग मद्यार यांच्यासारखे काही विद्वान मात्र चीनचा इतिहास आशियाई उत्पादनपद्धतीच्या आधारे समजून घेऊ पाहत होते. त्यांचे म्हणणे खरे मानले तर सरंजामशाहीविरोधी घोषणेचा पायाच ढासळणार होता. चिनी कम्युनिस्ट पक्षाने १९२८ सालीच, मॉस्कोजवळ भरलेल्या आपल्या सहाव्या अधिवेशनात, ही उपपत्ती चीनपुरती नाकारली होती.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. आशियाई पद्धतीत जमीनदार नाही, सरदार नाही, खाजगी मालक नाही. तरीही शोषण आहे. शोषण करणारी संस्था खुद्द राज्यसंस्था आहे आणि तिचे अधिकारी हाच वरिष्ठ वर्ग आहे. खाजगी मालमत्ता नष्ट केली की वर्ग नष्ट होतात, असे शिकविणाऱ्या आणि नेमक्या त्याच काळात शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढून घेणाऱ्या राज्याला हा दाखला सोयीचा कसा वाटावा? हा प्रश्न परिषदेत उघडपणे कोणी विचारण्याची शक्यता नव्हती. पुढे जर्मन विद्वान कार्ल विटफोगेल याने १९५७ साली आपल्या ग्रंथात तो विचारला. पण तोवर तो शीतयुद्धाच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला होता आणि त्याच्या हाती या कल्पनेचे प्रहाराचे हत्यार बनले.

लेनिनग्राडच्या परिषदेत मुख्य निबंध गोडेस यांनी वाचला. आशियाई पद्धत म्हणून जे सांगितले जाते ते पूर्वेकडील सरंजामशाहीचेच एक रूप होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष बरोबर की चूक हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो काढण्याची रीत मात्र विचार करण्यासारखी आहे. अशी पद्धत खरोखर अस्तित्वात होती की नव्हती हे ठरविण्यापेक्षा या उपपत्तीचे राजकीय स्वरूप उघडे पाडणे अधिक महत्त्वाचे, अशा आशयाचे विधान एका वक्त्याने तेथे केले. शास्त्रीय चर्चेत सत्याचा प्रश्न गौण आहे असे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल. ज्यांचे मत अमान्य झाले त्या मद्यार यांना पुढे अटक झाली आणि ते दमनचक्राचे बळी ठरले.

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. १९३३ साली इजिप्तविद्येचे पंडित वासिली स्त्रूवे यांनी प्राचीन पूर्वेकडील समाज गुलामगिरीवर आधारलेले होते, अशी मांडणी केली. आशियाई पद्धतीची जागा रिकामी झाली होती. ती आता ग्रीस-रोमच्या नमुन्याने भरली गेली. १९३८ साली सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाचा 'संक्षिप्त पाठ' प्रसिद्ध झाला. त्यातील स्टालिनने लिहिलेल्या प्रकरणात मानवी इतिहासाच्या पाच पायऱ्या कायम करण्यात आल्या: आदिम साम्यसमाज, गुलामगिरी, सरंजामशाही, भांडवलशाही आणि समाजवाद. या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. स्टालिनच्या हयातीत या पाचांत सहावी पायरी घालण्याची किंवा एखादी वगळण्याची मुभा कोणालाही राहिली नाही.

या बाबतीत मार्क्सचा स्वतःचा कल कोणीकडे होता? १८७७ साली एका रशियन नियतकालिकाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याने बजावले होते की, पश्चिम युरोपातील भांडवलशाहीच्या उगमाची आपण दिलेली हकीकत ही सर्व राष्ट्रांना लागू पडणारी सार्वत्रिक चावी समजू नये. १८८१ साली व्हेरा झासुलिच हिला रशियन ग्रामसमुदायाविषयी उत्तर देताना त्याने अनेक मसुदे लिहिले आणि खोडले. शेवटी जे पत्र धाडले त्यातही आपले विवेचन पश्चिम युरोपापुरते मर्यादित असल्याचे त्याने नमूद केले. हे मसुदे १९२४ साली प्रसिद्ध करणारा संपादक रियाझानोव्ह हाच होता. अटकेनंतर त्यांना साराटोव्ह येथे हद्दपार करण्यात आले आणि २१ जानेवारी १९३८ रोजी गोळी घालून ठार मारण्यात आले. त्याच वर्षी पाच पायऱ्यांचे सूत्र छापले गेले. दैवदुर्विलास असा की पुढच्याच वर्षी, १९३९ साली, मॉस्कोच्या त्याच संस्थेने मार्क्सच्या १८५७-५८ सालच्या टिपणांचा 'ग्रुंडरिस' हा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. भांडवलशाहीपूर्व समाजांची अनेक रूपे व अनेक वाटा मार्क्सने त्यातच सर्वांत विस्ताराने चर्चिल्या आहेत. एका हाताने गुरूचा ग्रंथ छापावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्यातील आशयावर बंदी घालावयाची, असा हा प्रकार होता.

सोव्हिएत विद्वत्ता सरसकट निकृष्ट होती, असा याचा अर्थ नव्हे. श्चेरबात्स्कॉय यांचे बौद्ध तर्कशास्त्रावरील ग्रंथ, बारान्निकोव्ह यांनी केलेले आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेले तुलसी रामायणाचे रशियन भाषांतर, बोनगार्द-लेव्हिन यांचे मौर्यकालीन भारतावरील संशोधन यांचे मोल वादातीत आहे. सुमेरचे अभ्यासक इगोर द्याकोनोव्ह यांनी मूळ मृत्तिकालेख तपासून तेथे मंदिराच्या व राज्याच्या जमिनीबरोबरच ग्रामसमुदायातील कुटुंबांच्याही जमिनी होत्या, असे दाखविले आणि स्त्रूवे यांच्या मांडणीशी मतभेद व्यक्त केला. पण अशा संशोधकालाही आपले निष्कर्ष ठरलेल्या पायरीच्या नावाखालीच मांडावे लागत. पुराव्याने चौकट मोडली तरी ती मोडली असे म्हणण्याची सोय नव्हती.

या वादाचा महाराष्ट्राशी व गोमंतकाशी एक खराखुरा दुवा आहे. पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबी १९२९ साली बौद्ध विद्येच्या अध्यापनासाठी लेनिनग्राडला गेले होते. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. भारताच्या प्राचीन इतिहासाकडे ते मार्क्सची पद्धती घेऊनच वळले. तथापि तिचा वापर त्यांनी लेनिनग्राडहून अगदी वेगळ्या रीतीने केला.

१९४९ साली श्रीपाद अमृत डांगे यांचा आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारतावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैदिक यज्ञसंस्थेत सामूहिक उत्पादनाची पद्धत पाहणारा आणि पुढे गुलामगिरीच्या पायरीवर येणारा हा ग्रंथ कम्युनिस्ट चळवळीतील एका मातब्बर नेत्याचा होता. कोसंबींनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्याची अत्यंत कठोर समीक्षा केली. त्यांचा आक्षेप मार्क्सवादावर नव्हता. साधनांच्या हाताळणीवर होता. १९५१ साली त्याच नियतकालिकात सुलेकिन या सोव्हिएत अभ्यासकाच्या भारतीय कालखंडविभागणीचीही त्यांनी चिकित्सा केली. मॉस्कोचा शिक्का असला म्हणून विधान सिद्ध झाले, असे त्यांनी कधी मानले नाही.

१९५६ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर सापडते. भारतात दास होते. कौटिलीय अर्थशास्त्रात त्यांच्याविषयीचे नियम आहेत. परंतु ग्रीस-रोमप्रमाणे उत्पादनाचा मुख्य भार गुलामांवर होता, असे दिसत नाही. भारतात कोणी गुलाम नाही, असे मेगॅस्थेनिस लिहून गेला तो त्यामुळेच. शूद्र वर्णाच्या श्रमामुळे येथे खरेदीविक्रीच्या गुलामांची मोठ्या प्रमाणावर गरज पडली नाही, असे कोसंबींचे म्हणणे होते. म्हणजे स्टालिनच्या पाच पायऱ्यांतील दुसरी पायरी त्यांनी भारतापुरती नाकारली.

मात्र तिच्या जागी मार्क्सची आशियाई पद्धत त्यांनी आणून बसविली नाही. भारतीय खेडे स्वयंपूर्ण व अपरिवर्तनीय होते हे मार्क्सचे विधानही त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा होता. बहुतेक खेड्यांत मीठ पिकत नाही आणि लोखंडही निघत नाही. नांगराला फाळ लागतो, जेवणाला मीठ लागते. या दोन वस्तू बाहेरून आणावयाच्या तर मोबदला देणे आले, देवघेव आली, व्यापार आला. मग ते खेडे जगापासून तुटलेले कसे? यापलीकडे जाऊन कोसंबींनी प्राचीन नाण्यांची वजने घेतली, पुण्याच्या परिसरातील टेकड्यांवर सूक्ष्म दगडी हत्यारे वेचली, कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा पायी तुडविल्या. राजाने वरून दिलेल्या अधिकारांतून आणि पुढे गावातूनच वर आलेल्या जमीनदार वर्गातून अशा दोन प्रकारांनी भारतीय सरंजामशाही घडली, ही त्यांची मांडणी अशा पुराव्यांतून आली. तीही अंतिम ठरली नाही. पुढील इतिहासकारांनी तिच्यावर वाद घातले आणि त्या वादांतून ज्ञान पुढे गेले.

लेनिनग्राडने आशियाई पद्धत नाकारली आणि कोसंबींनीही ती तशी स्वीकारली नाही. वरवर पाहता निकाल सारखाच दिसतो. पण पहिला निकाल चीनविषयक धोरणाच्या गरजेतून लागला आणि त्यानंतर दरवाजा बंद झाला. दुसरा निकाल मीठ आणि लोखंड यांच्या पुराव्यावर लागला आणि दरवाजा उघडा राहिला. शास्त्र आणि पोथी यांतील भेद निष्कर्षांत नसतो. निष्कर्ष चुकला तर तो बदलण्याची वाट शिल्लक आहे की नाही, यात तो असतो.

सोव्हिएत विद्वानांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९५६ च्या विसाव्या पक्ष अधिवेशनानंतर वातावरण काहीसे निवळले. १९६४ साली अर्थशास्त्रज्ञ युजीन व्हार्गा यांनी वृद्धापकाळी आशियाई पद्धतीचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला आणि मॉस्को-लेनिनग्राडमध्ये चर्चा नव्याने सुरू झाली. इतिहास संस्थेत मिखाईल गेफ्टर यांच्या नेतृत्वाखाली इतिहासाच्या पद्धतिशास्त्राचा विभाग निघाला. १९६८ साली दानिलोवा यांनी संपादित केलेल्या भांडवलशाहीपूर्व समाजांवरील निबंधसंग्रहात पाच पायऱ्यांच्या सूत्रावरच प्रश्नचिन्ह उभे केले गेले. पण त्याच वर्षी प्रागमध्ये रणगाडे शिरले आणि काही काळातच गेफ्टर यांचा विभाग गुंडाळण्यात आला. या वेळी कोणाला गोळ्या घालण्यात आल्या नाहीत. विभाग बंद झाला एवढेच. परंतु आपल्या समाजाकडे आपल्याच शास्त्राच्या डोळ्यांनी पाहण्याची आणखी एक संधी वाया गेली. १९९१ साली जेव्हा ते राज्य कोसळले, तेव्हा त्याच्या अधिकृत समाजशास्त्रापाशी या घटनेचे स्पष्टीकरण नव्हते. पाचव्या पायरीवरून समाज खाली येऊ शकतो, हे त्यात लिहिलेलेच नव्हते.

मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त व बांधीव पुस्तके एके काळी महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या कपाटांत होती. त्यांतून कित्येकांना जगाच्या इतिहासाची पहिली ओळख झाली, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्याच पुस्तकांतून पाच पायऱ्या पाठ करण्याची सवयही लागली. ती सवय केवळ एका पंथाची नाही. इतिहास आधी ठरवून मग पुरावे गोळा करण्याचा मोह प्रत्येक सत्तेला आणि प्रत्येक अभिमानाला होतो. त्यासाठी सत्ता कम्युनिस्टच असावी लागते असे नाही. रियाझानोव्ह यांची कायदेशीर निर्दोषता १९५८ साली, म्हणजे मृत्यूनंतर वीस वर्षांनी, मान्य करण्यात आली. त्यांनी जतन केलेली हस्तलिखिते मात्र कोणाच्या निर्णयाची वाट न पाहता टिकून राहिली आणि त्यांच्याच आधारे मार्क्सचे आजचे अभ्यासक स्टालिनच्या सूत्राची तपासणी करतात. वर्गात इतिहास शिकविणाऱ्याने विद्यार्थ्याला पायऱ्यांची नावे अवश्य सांगावीत. मात्र त्या कोणी आणि कशासाठी बांधल्या, हा प्रश्न विचारावयासही त्याला शिकवावे.