उतरती वाट : भाग ७ – ‘घरी जायचंय’

तिन्हीसांजा झाल्या की आई पलंगावरची चादर ओढते. तीत दोन पातळं, कंगवा आणि देवघरातला कुंकवाचा करंडा घालून गाठ मारते आणि गाठोडं काखेत धरून दाराशी उभी राहते. "मला घरी जायचंय. आबा वाट बघत असतील."

आबा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन ४० वर्षं झाली.

आईचं माहेर घाटाखाली, चावणीकडे. लग्नानंतर कुरवंडे घाटाची वाट चढून ती इथे कुरवंड्यात नांदायला आली. १६६१ साली मुघल सरदार कारतलबखानाची फौज याच घाटाने उतरली आणि खाली उंबरखिंडीत शिवरायांनी तिला कोंडलं. आमच्या घरात मात्र ती आईच्या माहेरची वाट. आईला अल्झायमर आहे. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात बहुधा आधी झिजतो, हे मागच्या भागात पाहिलं. म्हणून दुपारचं जेवण तिला आठवत नाही, पण सतराव्या वर्षी चढलेली वाट पायांत आहे.

अशा माणसाचं ‘घर’ दरवेळी चार भिंतींचं नसतं. भूक लागलेली असते, लघवीला जायचं असतं, भीती वाटत असते. ते सांगायला शब्द सापडत नाही, मग ‘घरी’ हा एकच शब्द उरतो. संध्याकाळी हे वाढतं, कारण मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळही बिघडलेलं असतं. उजेड कमी झाला की सावल्या माणसांसारख्या दिसू लागतात. कुरवंड्यात पावसाळ्यात धुकं उंबऱ्याशी येतं, चार वाजताच काळोखतं. आता मी चारलाच घरातले सगळे दिवे लावतो. तेवढ्यानेही तिची घालमेल बरीच कमी झाली.

सुरुवातीला मी तिला खरं सांगायचो. "आई, आबा कधीच गेले गं." तिने ते जणू पहिल्यांदाच ऐकलं आणि हंबरडा फोडला. थोड्या वेळाने बातमी विसरली, पण रडू थांबेना. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना करुण चित्रफिती दाखवल्या होत्या. पाहिलेलं विसरल्यावरही त्यांचं दुःख टिकून राहिलं. हे मला आधी कळलं असतं, तर तिला वडिलांच्या मरणाचं दुःख पुन्हा भोगावं लागलं नसतं.

आता मी वाद घालत नाही. "आबा या वेळी काय करत असतील गं?" विचारतो. ती खाचरातल्या चिखलणीचं, बैलांचं सांगत बसते. तरी निघालीच, तर चपला घालून मीही सोबत निघतो. कोपऱ्यापर्यंत जातो. "पाऊस येतोय, भात खाऊन निघू," म्हटलं की बहुतेकदा परत फिरते.

‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशेंनी रंगवलेले, स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री हत्तीमागे जातात आणि शहरात हरवतात. आमच्याकडे पुढे नागफणीचा कडा आहे. म्हणून दाराला घंटा बांधली आहे, पदराच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवला आहे. चहाच्या टपरीवर, रिक्षावाल्यांना, ट्रेकच्या पोरांना तिचा फोटो दाखवून ठेवला आहे. आजार लपवणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगतो, गावाला सांगा. वाट चुकलेलं तुमचं माणूस तुमच्या आधी गावालाच दिसणार आहे. कुणी नाहीसं झालं तर चोवीस तास थांबायचं नसतं. लगेच ११२ ला फोन करा आणि एकाने जुन्या ओळखीच्या वाटेने शोधत निघा. आणि माणसाला एकटं कोंडून, बाहेरून कुलूप घालून कधीच जाऊ नका. आग लागली तर ते दार कोण उघडणार?

पूर्वी ती झोपली की मी गाठोडं सोडून सामान जागच्या जागी ठेवायचो. सकाळी ती सैरभैर होऊन शोधायची. आता ते तिच्या पलंगाखालीच असतं. परवा चादर धुवायला काढली, तर आत कागदाच्या पुडीत मूठभर इंद्रायणी तांदूळ निघाला. माहेरी रिकाम्या हाताने कसं जायचं?

पुडी पुन्हा बांधून मी धुतलेल्या चादरीत ठेवली.