पाळीची माती आणि शान्शीचा पंधरवडा

लहानपणी गोव्यातल्या पाळीत ओसरीवर बसून आम्ही ट्रक मोजायचो. शंभरापर्यंत जमायचं, पुढे आकडा चुकायचा. एका ट्रकात दहा टन. असे दोनशे ट्रक मांडवी नदीच्या धक्क्यावर रिकामे झाले की दोन हजार टनांची एक बार्ज भरायची आणि मुरगाव बंदराच्या वाटेला लागायची. लोहखनिज हा शब्द कागदावरचा, आमच्या तोंडी ती ‘माती’च. तुळशीवृंदावनापासून वाळत घातलेल्या सोलांपर्यंत सगळ्यांवर तिचा लाल थर बसायचा.

२०१०-११ साली गोव्यातून सुमारे ५.४ कोटी टन माती परदेशी गेली. त्यात थोडी कर्नाटकची होती. निव्वळ गोव्याची साडेचार कोटी टन धरली, तरी दहा टनी ट्रकाच्या ४५ लाख फेऱ्या होतात. पावसाळा वगळून वर्षाचे आठ महिने काम चालायचं, म्हणजे दिवसाला जवळजवळ १९ हजार भरलेले ट्रक. तेवढेच रिकामे परत. आणि टनभर माती काढायला अडीच-तीन टन दगडमाती बाजूला टाकावी लागते. खाणीशेजारचे डोंगराएवढे डंप त्यातूनच उभे राहिले. पावसात तेच डंप ओघळून शेतात उतरतात. चिखल बसलेलं वायंगण पुन्हा पिकावर आणायला किती वर्षं लागतात, ते शेतकऱ्यालाच विचारावं.

ही माती मुख्यतः चीनला जायची. २०१० साली चीनने जवळपास ६४ कोटी टन पोलाद केलं, भारताने सात कोटींच्या आत. पूर्वी हलकी म्हणून डंपावर फेकलेली मातीसुद्धा त्या भुकेपायी विकली गेली.

पोलादाच्या भट्टीत मातीबरोबर कोळशापासून केलेला कोक लागतो. चीनमध्ये कोक सर्वाधिक बनतो तो शान्शी प्रांतात. शान्शी म्हणजे ‘डोंगराच्या पश्चिमेचा’. डोंगर ताइहांगचा, आणि प्रांताच्या पश्चिम कडेने पीत नदी वाहते. समुद्र नाही. क्षेत्रफळ सुमारे १,५६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ४२ गोवे मावतील. वस्ती साडेतीन कोटींच्या आसपास. अलीकडे या एका प्रांतातून वर्षाला १३० कोटी टनांच्या आसपास कोळसा निघतो, रोजचा ३५ लाख टन. गोव्याने आपल्या सर्वांत तेजीच्या वर्षात जेवढी माती पाठवली, तेवढा कोळसा शान्शी पंधरवड्यात काढतो.

शान्शीतल्या दातोंगहून छिनह्वांगदाव बंदराकडे जाणारी ६५३ किलोमीटरची एक रेल्वे आहे. तिच्यावरून वर्षाला ४० कोटी टनांवर कोळसा गेलेला आहे. मोठ्या गाडीला २१० वाघिणी, लांबी अडीच किलोमीटरच्या वर, वाघिणींसकट वजन २० हजार टन. त्यातला कोळसाच आमच्या हिशेबाने दीड हजारांहून अधिक ट्रक, आठ बार्जी. अशी एक गाडी फाटकातून जाताना मी मनात उभी करून पाहतो, पण तिचा शेवटचा डबा काही केल्या येत नाही.

पण वर्षाकाठी शान्शीच्या पंधरवड्याच्या कोळशाएवढ्या मातीसाठी आमच्याकडचे डोंगर उतरले. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, विहिरी आटल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये काम थांबलं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेली घरं दोन्हीकडून भरडली. आधी धुळीत, मग हप्त्यांत.

त्याच दातोंगजवळ युनगांगची लेणी आहेत. इसवी सन ४६० च्या सुमारास कोरायला सुरुवात झाली. गुहा २५२, मूर्ती ५१ हजार, सर्वांत मोठी १७ मीटर उंच. आपल्या साखळीजवळची हरवळ्याची लेणीही साधारण दीड हजार वर्षांची, जांभ्यात खोदलेली. युनगांगसमोरून कोळशाचे ट्रक जायचे आणि मूर्तींवर काळी धूळ बसायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो रस्ताच लांबून वळवला.

डिचोलीत २०२४ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झालं. मातीच्या वाहतुकीला वस्तीबाहेरून वेगळा रस्ता द्या, ही खाणपट्ट्याची फार जुनी मागणी. आमच्या ओसरीचे खांब मी यंदा ओल्या फडक्याने पुसले. वरची धूळ गेली. लाकडाच्या शिरांत बसलेला लाल रंग तसाच आहे.