झाडबेडकाच्या पिलाचे घर आणि संगोपन

मृगाचा पाऊस स्थिरावला की विहिरीवरील सिमेंटच्या टाकीच्या आतल्या भिंतीस, पाण्याच्या पातळीच्या वर, मूठभर पांढरा फेस चिकटलेला अनेक शेतकऱ्यांच्या दृष्टीस पडतो. कोणी साबणाचा फेस समजून तो खरवडून टाकतात, तर कोणी बुरशी समजून त्यावर चुना फासतात. वस्तुतः हे झाडबेडकाचे घरटे होय. त्यात काहीशे अंडी असतात.

आपल्या दख्खनच्या पठारावर, कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी नेहमी आढळणाऱ्या या बेडकाचे शास्त्रीय नाव पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस असे आहे. चुन्याने सारवलेल्या भिंतींवर तो वारंवार दिसतो, म्हणून इंग्रजी ग्रंथांतून त्यास चुन्यावरून पडलेले नाव आढळते. अंगाने तो सडपातळ, रंगाने तपकिरी अथवा पिवळसर असून मांडीच्या मागील बाजूस गडद रंगावर पिवळे ठिपके असतात. बोटांच्या टोकांस चकत्यांसारख्या गाद्या असल्यामुळे तो उभ्या भिंतीवर सहज चढतो. न्हाणीघरात, रांजणामागे, केळीच्या पानांच्या बेचक्यात दिवसभर अंग आखडून बसावे आणि रात्री किडे टिपावेत, असा त्याचा क्रम आहे.

मीलनाच्या वेळी मादी एक द्रव सोडते व मागील पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. अंडी या फेसात राहतात. फेसाचा बाहेरचा थर वाळून कडक होतो, पण आतील भाग ओलसर राहतो. त्यामुळे पावसाने चार दिवस उघडीप दिली तरी अंडी सुकत नाहीत. पुढे साधारणतः चार-पाच दिवसांत अंड्यांतून बेडूकमासे बाहेर येतात, फेस सैल पडतो आणि ते खालच्या पाण्यात गळून पडतात.

अडचण उद्भवते ती येथेच. डासांचा बंदोबस्त करण्यासाठी आठवड्यातून एकदा सर्व टाक्या रिकाम्या करून कोरड्या ठेवाव्यात, असे आरोग्य कार्यकर्ते सांगतात आणि ते योग्यच आहे. हिवताप व डेंग्यू यांच्यापुढे बेडकांची पर्वा करता येत नाही. परंतु त्या दिवशी घरटे भिंतीवर असेल तर खाली पाणी नसल्याने पिले कोरड्या सिमेंटवर पडून मरतात. टाकीत गप्पी मासे सोडलेले असतील तर लहान पिले त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. टाकी धुण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च केल्यास ही हानी टाळता येते.

घरटे हाताने ओढू नये. एखादे रुंद पान अथवा पातळ पत्रा भिंतीलगत हळूच सरकवून ते अलगद सोडवावे. नंतर पानासह एका घमेल्यावर किंवा प्लॅस्टिकच्या टोपलीवर आडव्या काड्या ठेवून त्यांवर ते ठेवावे, म्हणजे पिले पडतील ती खालच्या पाण्यात पडतील. तांब्यापितळेची भांडी वापरू नयेत. कीटकनाशकाचा रिकामा डबा तर कितीही धुतलेला असला तरी कधीही वापरू नये. या दोषाने पिलांचा नाश होऊनही कारण मात्र ध्यानात येत नाही. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मगच वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते. विहिरीचे किंवा पावसाचे पाणी उत्तम. तोंडावर बारीक जाळीचे कापड बांधणे आवश्यक आहे, अन्यथा हेच भांडे डासांचे उत्पत्तिस्थान बनेल. बेडूकमासे डासांच्या अळ्या खाऊन टाकतील, या भरवशावर कोणी राहू नये. त्यांचा मुख्य आहार शेवाळ व कुजलेला पाला हाच आहे.

सर्व पिले वाढविण्याचा लोभ धरू नये. दर लिटर पाण्यास एक पिलू हे प्रमाण बरे. शाळेत किंवा घरी मुलांना पाहण्यासाठी पंधरा-वीस ठेवावीत व उरलेली त्याच शिवारातील डबक्यात सोडावीत. एका गावची पिले दुसऱ्या गावी नेऊ नयेत. बेडकांच्या कातडीस जडणारी एक घातक बुरशी जगभर पसरली असून सह्याद्रीतही ती आढळली आहे. पाण्याबरोबर व प्राण्यांबरोबर ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते.

अन्न म्हणून उकडलेल्या पालकाचे चिमूटभर तुकडे द्यावेत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा तिसरा हिस्सा बदलावा. एकदम सर्व पाणी बदलू नये. उन्हात भांडे तापते, म्हणून ते सावलीत असावे.

सुमारे दोन महिन्यांत पिलाचे रूप पालटते. प्रथम मागील पाय दिसू लागतात, नंतर पुढील पाय फुटतात आणि शेपूट आखडू लागते. हे दिवस सर्वांत नाजूक होत. या काळात पिलू खात नाही. शेपटीतील साठ्यावर त्याचे पोषण होते. कल्ले जाऊन फुप्फुसे काम करू लागलेली असतात, म्हणून पाण्याबाहेर चढण्यास जागा नसेल तर, बेडूक असूनही, ते बुडून मरते. पुढील पाय दिसताच भांड्यात तिरपी फळी, खडबडीत दगड किंवा नारळाची करवंटी ठेवावी आणि पाणी दोन बोटे उंचीपर्यंत उतरवावे. जाळीही घट्ट बांधावी, कारण नखाएवढे पिलूही भिंत चढून जाते.

शेपूट पूर्ण गेल्यावर त्यास उभ्या बरणीसारख्या किंवा जाळीच्या पेटीत हलवावे. या जातीस लांबीपेक्षा उंची अधिक उपयोगी. तळाशी ओलसर नारळाची शेंडी, मध्ये दोन आडव्या डहाळ्या, एखादे पानाळ रोप व उथळ बशीत पाणी, एवढे पुरे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. कातडीवाटे ते शोषून घेतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा मारावा. त्याच कारणाने फवारणीचा जुना पंप येथे निषिद्ध समजावा. हाताळण्याचा प्रसंग आल्यास हात स्वच्छ धुऊन ओले करावेत. मळलेल्या तंबाखू-चुन्याचा हात नाजूक कातडीस लागणे घातक. हाताळल्यावरही हात धुवावेत आणि डोळ्यांस लावू नयेत.

पिलू केवळ हलणारे भक्ष्य ओळखते. मेलेले किडे व भाताची शिते यांकडे ते ढुंकूनही पाहत नाही. पिकलेल्या केळाची साल झाकून ठेवल्यास तिच्यावर बारीक माश्या जमतात. पहिल्या आठवड्यात त्या द्याव्यात. पुढे वाळवी व लहान रातकिडे चालतात. किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. अन्न दिवस मावळल्यावर द्यावे. फवारणी झालेल्या शेतातील किडे मात्र कधीही देऊ नयेत.

हे संगोपन पाळण्यासाठी नसून सोडण्यासाठी आहे, हे मुलांना प्रथमच सांगावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचींची २०२२ च्या दुरुस्तीने फेररचना झालेली आहे. त्यामुळे शाळेने असा उपक्रम हाती घेण्यापूर्वी स्थानिक वनपालास विचारावे. खरेदी-विक्री तर मुळीच करू नये. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे व शेतातील मोठे बेडूक त्यासाठी सर्रास पकडले जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद करण्यात आली.

एक बेडूक पीक वाचवील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तो पतंग, तुडतुडे, झुरळे खातो, तसेच मित्रकीटकही खातो. त्याला दोहोंतील भेद कळत नाही. तथापि कीड नियंत्रणाच्या अनेक साधनांपैकी तो एक बिनखर्चाचे साधन आहे. बेडकांमागे साप येतात ही स्त्रियांची तक्रार मात्र अगदीच निराधार नाही. याकरिता भांडे व पेटी राहत्या घरापासून दूर, गोठ्याच्या वा पंपघराच्या आडोशाला ठेवावी.

पेटीत पिलू तीन-चार आठवडे राहून नीट खाऊ लागले की पावसाळी संध्याकाळी, ज्या टाकीवर घरटे सापडले तिच्याच जवळील केळीत किंवा झुडपात त्यास सोडावे. पावसाळा संपण्यापूर्वीच सोडणे बरे, कारण कोरड्या हवेत लहान पिलास ओलावा शोधता येत नाही. उशिरा सापडलेल्या घरट्यातील पिले घरी वाढवू नयेत. ती बेडूकमासे असतानाच बारमाही पाण्याच्या काठी सोडावीत.